वाचनालयाने घेतलेला हवाई दलाचा संच: विमाने चांगली, संरक्षणाची बाजू अर्धवट

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत एक लहानसे वाचनालय चालते. गेल्या डिसेंबरात तिथे येणाऱ्या मुलांसाठी वर्गणी काढून आम्ही भारतीय हवाई दलाची विमाने आणि हवाई संरक्षणाची शस्त्रे यांच्या प्रतिकृतींचा एक संच ऑनलाइन मागवला. किंमत ४,८५० रुपये पडली. संचात सात विमाने, चार शस्त्रे, प्रत्येकाचे एक मराठी माहितीपत्रक आणि भिंतीवर लावायचा एक मोठा तक्ता असा ऐवज आहे. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही, कारण हाच माल तीन-चार वेगवेगळ्या नावांनी विकला जात असल्याचे मला दिसले आहे आणि एकालाच दोष देणे योग्य ठरणार नाही. मी हवाई दलात वीस वर्षे विमानांच्या सांगाड्याच्या देखभालीचे काम केले, म्हणून निवड माझ्यावर सोपवली गेली, आणि म्हणूनच आता त्या निवडीचा हिशेब देणेही माझ्याकडे आले. संपूर्ण उन्हाळा काढून झाल्यावर हे लिहीत आहे, त्यामुळे खोके उघडल्या उघडल्या होणाऱ्या कौतुकाचा भाग आता उरलेला नाही.

पुलगावचा दारूगोळा डेपो आमच्यापासून दूर नाही आणि हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपूरला आहे. सैन्य हा विषय त्यामुळे आमच्याकडे नात्यागोत्यातून घरात आलेला असतो. तरीही लढाऊ विमान हाताच्या अंतरावरून पाहिलेले मूल गावात एकही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो तेव्हा मुले लाकडी नंदी सजवून आणतात आणि मोठी माणसे ते पारखतात. सिंदी रेल्वेला तर त्यासाठी पंचक्रोशीतून गर्दी लोटते. वशिंड जागेवर आहे का, शिंगांचा बाक बरोबर आहे का, पुढचे पाय आखूड तर झाले नाहीत ना, हे कोणालाही शिकवावे लागत नाही, कारण खरे जनावर रोजच्या हाताखालचे असते. विमानाच्या बाबतीत पारख करणारा डोळाच गावात नाही, आणि प्रतिकृती जे दाखवील तेच मुलांच्या लेखी खरे ठरते. या कारणाने मी हा संच पाठ्यपुस्तक तपासावे तसा तपासला.

विमानांबाबतची पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार मापाची आहे. खोक्यावर सर्व प्रतिकृती १:१४४ या प्रमाणात असल्याचे छापलेले आहे. वाचनालयातल्या फूटपट्टीने मोजले तेव्हा सुखोई-३० एमकेआय १५ सेंटीमीटर भरले. खरे विमान सुमारे २१.९ मीटर लांब असते, तेव्हा तेवढे प्रमाण जुळते. तेजस मात्र १३ सेंटीमीटर भरले. खरे तेजस १३.२ मीटरचे असते, म्हणजे ही प्रतिकृती १:१०० च्या आसपास आहे आणि छापलेल्या प्रमाणाने ती जेमतेम ९ सेंटीमीटरची व्हायला हवी होती. इल्युशिन-७६ चा प्रकार उलट आहे: साडेशेहेचाळीस मीटरच्या त्या प्रचंड विमानाला १८ सेंटीमीटरमध्ये कोंबले आहे. उघड आहे की खोक्यातल्या खाचा आधी ठरल्या आणि विमाने मागाहून त्यांत बसवली गेली. परिणाम असा की तेजस आणि सुखोई शेजारी ठेवले तर ती सख्खी भावंडे वाटतात. प्रत्यक्षात सुखोईचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ३८ टनांच्या वर जाते आणि तेजसचे साडेतेरा टनांच्या घरात राहते. बैलाशेजारी गोऱ्हा बांधावा आणि दोघांची उंची सारखी दाखवावी, असा हा प्रकार आहे. हलके लढाऊ विमान म्हणून ज्याची आखणी झाली त्याचा हलकेपणाच मुलांना दिसत नाही.

माप बाजूला ठेवले तर विमानांचे आकार मात्र पुष्कळ काळजीने घडवलेले आहेत, आणि त्यांत जग्वार सर्वांत उजवे आहे. ते जोडून मांडले तेव्हा शाळेतले गुरुजी म्हणाले, "भाऊ, ही दोन क्षेपणास्त्रे तुम्ही उलटी चिकटवली." त्यांचा संशय स्वाभाविक होता, कारण क्षेपणास्त्रे पंखाखाली लटकतात हेच सर्वांना ठाऊक असते. भारतीय जग्वारवर हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे पंखाच्या वर बसवलेली असतात, जेणेकरून खालच्या जागा बॉम्ब आणि इंधनाच्या टाक्यांसाठी मोकळ्या राहतात. जमिनीवरील लक्ष्यावर खोलवर जाऊन मारा करण्यासाठी घेतलेल्या विमानाला स्वसंरक्षणाचे साधनही हवे असते, त्या अडचणीतून निघालेली ही वाट आहे. मुख्य चाकेही प्रत्येक पायाला दोन-दोन, उंच आणि दणकट अशी दाखवली आहेत. कच्च्या धावपट्टीवरूनही उतरता यावे म्हणून मूळ आराखड्यातच ती तशी होती. १९७९ मध्ये शमशेर या नावाने हे विमान आपल्याकडे आले. ब्रिटन, फ्रान्स आणि ओमान यांनी आपापली जग्वार कधीच निवृत्त केली, आणि आज ते उडवणारे हवाई दल जगात एकटे आपलेच आहे. माहितीपत्रकावर यातले शेवटचे वाक्य नाही. ते असते तर मुलांनी या प्रतिकृतीकडे आणखी निरखून पाहिले असते.

मिग-२१ बायसनविषयी मला तटस्थपणे लिहिता येणार नाही, कारण माझ्या नोकरीची बरीच वर्षे त्याच्या पोटाखाली वाकून गेली आहेत. प्रतिकृती चांगली आहे. नाकातला शंकू वेगळा तुकडा म्हणून दिला आहे आणि तो किंचित मागेपुढे सरकतो. खऱ्या विमानातही तो वेगानुसार सरकतो आणि ध्वनीपेक्षा अधिक वेगाने येणाऱ्या हवेला इंजिनात शिरण्याआधी आवरतो. शेपटीच्या बुडाशी असलेली गोल पेटीही विसरलेली नाही. उतरल्यावर तिच्यातून ब्रेकची छत्री उघडते आणि पुढच्या उड्डाणाआधी नवी छत्री भरून ठेवणे हे जमिनीवरच्या माणसांचे काम असते. एवढे बारकावे सांभाळणाऱ्या कारखान्याने माहितीपत्रकावर मात्र "सध्या सेवेत" असे छापले आहे. १९६३ मध्ये चंदीगडला ज्याची पहिली तुकडी (स्क्वॉड्रन) उभी राहिली त्या विमानाला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडलाच निरोप देण्यात आला, आणि आमचा संच त्यानंतर तीन महिन्यांनी आला. आठशे सत्तरहून अधिक मिग-२१ आपल्याकडे होती आणि त्यांतली बहुसंख्य नाशिकजवळ ओझरला बांधली गेली, ही गोष्ट मराठी मुलांसाठी काढलेल्या पत्रकात यायला हवी होती. तिच्याऐवजी वर ठळक अक्षरांत "उडती शवपेटी" हे वर्तमानपत्री नाव दिले आहे. अपघातांत वैमानिक गेले हे खरे आहे आणि ते कोणी लपवू नये; पण सहा दशके ज्याने हवाई दलाचा भार वाहिला त्याची ओळख दहा वर्षांच्या मुलाला या दोन शब्दांनी करून द्यावी, हे मला पटलेले नाही. ते पत्रक मी काढून ठेवले आणि हाताने दुसरे लिहून लावले.

भिंतीवरच्या तक्त्यातही हीच शिळी माहिती आहे. हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्या असल्याचे त्यात म्हटले आहे. ४२ हा मंजूर आकडा आहे. मिग-२१ च्या शेवटच्या तुकड्या गेल्यावर प्रत्यक्ष संख्या २९ वर आली, आणि देशातला या विषयावरचा सगळा वादविवाद त्या दोन आकड्यांमधल्या अंतराबद्दलच आहे. तेजसच्या पत्रकात २०२१ मधली ८३ विमानांची मागणी नोंदली आहे, परंतु सप्टेंबर २०२५ मधली आणखी ९७ विमानांची मागणी नाही. नाशिकला तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए ऑक्टोबर २०२५ मध्ये उडाले, तेही अर्थातच नाही. प्रतिकृतीपुरते बोलायचे तर तेजसला मागचे आडवे पंख नाहीत आणि मुख्य पंखाची पुढची कड दोन कोनांत मोडलेली आहे, या दोन्ही खुणा नीट उतरल्या आहेत.

सुखोईचा आकार निर्दोष म्हणावा असा आहे: दोन आसने, वैमानिकाच्या कक्षामागे दोन्ही बाजूंना असलेले छोटे पुढचे पंख आणि दोन इंजिनांच्या मधोमध मागे निघालेला काटा, सारे जागच्या जागी आहे. चूक शस्त्रांत आहे. संचात दोन ब्राह्मोस दिले आहेत आणि चित्रात ते दोन पंखांखाली लावायला सांगितले आहे. हवेतून सोडायचे ब्राह्मोस अडीच टनांचे असते. सुखोई असे एकच क्षेपणास्त्र वाहते, तेही पोटाखाली मधोमध, आणि त्यासाठी विमानाचा सांगाडा मुद्दाम मजबूत करावा लागला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची पहिली चाचणी झाली. दोन लावले की खेळणे अधिक भारदस्त दिसते, हे मला समजते. आम्ही एक लावले आणि दुसरे टेबलावर नुसते ठेवले, म्हणजे मुलांना त्याची लांबी विमानाशी ताडून पाहता येते.

राफेलच्या नाकासमोर उजवीकडे बाकदार नळी असते, तिच्यातून ते हवेतल्या हवेत इंधन घेते. ती आत ओढता येत नाही, कायम बाहेर असते, म्हणून प्रतिकृतीतही ती बाहेर आहे आणि प्रवासात तीच मोडून आली. विक्रेत्याला फोटो पाठवल्यावर नऊ दिवसांत नवी नळी आली, पैसे मागितले नाहीत. सेवेबद्दल एवढी नोंद त्याच्या बाजूने करायला हवी. शेपटीवरचा क्रमांक मात्र चुकला आहे. विमान एकआसनी आहे आणि क्रमांक 'आरबी' मालिकेतला दिला आहे. आपल्या ३६ राफेलपैकी आठ दोनआसनी आहेत आणि 'आरबी' ही अक्षरे त्यांची. एकआसनी अठ्ठावीस विमानांवर 'बीएस' असते. नखाएवढ्या छापीतली ही चूक कोणी पाहणार नाही असे कारखान्याला वाटले असावे. आमच्या सातवीतल्या एका मुलीने मोबाइलवरच्या फोटोशी ताडून ती माझ्याआधी पकडली.

मिराज-२००० बद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. १९८५ मध्ये वज्र या नावाने आलेल्या आणि कारगिलच्या वेळी लेझरने वाट दाखवलेले बॉम्ब टाकणाऱ्या या विमानाची प्रतिकृती बरी होती. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली तिचा डावा पंख वाकला आणि अजून तसाच आहे.

सातवे विमान आकाशातून पहारा देणारे आहे. इल्युशिन-७६ च्या पाठीवर मोठी तबकडी, तिच्यात रडार. प्रतिकृतीत ही तबकडी बोटाने फिरते आणि मुलांना सगळ्या संचात हेच सर्वांत आवडते. मला ते मोडावेसे वाटत नाही, तरी सांगणे भाग आहे की आपल्या विमानावरची तबकडी फिरत नाही. तिच्या आत तीन स्थिर रडार-पट्ट्या त्रिकोणात बसवलेल्या आहेत, प्रत्येक पट्टी १२० अंशांचा भाग पाहते आणि किरण विजेच्या साहाय्याने वळवला जातो. फिरणारी तबकडी अमेरिकेच्या जुन्या पहारेकरी विमानांवर असते. साचा बहुधा तिथून आला असावा. हे समजावल्यावर एका पोराने विचारले, "काका, मंग हे तं फिरवाचंच नाही का?" मी म्हटले, फिरव, पण खरे काय ते लक्षात ठेव.

येथवरच्या चुका किरकोळ म्हणून सोडता येतील. हवाई संरक्षणाच्या शस्त्रांची बाजू मात्र मुळातच अपुरी आहे.

संचात एस-४००, आकाश आणि मध्यम पल्ल्याचे एमआरसॅम ही जमिनीवरून हवेत मारा करणारी तीन क्षेपणास्त्रे आणि एल-७० ही तोफ आहे. प्रत्येकाचा फक्त प्रक्षेपक, म्हणजे क्षेपणास्त्र सोडणारी गाडी, किंवा तोफ तेवढी दिली आहे. रडार एकाही शस्त्रासोबत नाही, आदेश देणारी गाडी नाही, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या जाळ्याचा तक्त्यावर उल्लेखही नाही. मुलांनी पहिल्याच दिवशी ट्रक ओळीने मांडले, त्यांचे तोंड दाराकडे केले आणि कोणी आला की उडवायचे असा खेळ सुरू केला. त्यांचा दोष नाही. संच तेवढेच सांगतो. रडारशिवाय एस-४०० चा प्रक्षेपक म्हणजे चार नळकांडी वाहणारी अवजड मालगाडी आहे. लक्ष्य कुठे आहे, ते आपले की परके, त्यावर कोणत्या ठिकाणाहून काय सोडायचे, हे सर्व दुसरीकडे ठरते. हवाई दलासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सने उभारलेली इंटिग्रेटेड एअर कमांड अँड कंट्रोल सिस्टिम अनेक रडारांची चित्रे एकत्र करून हे काम करते, आणि पाकिस्तानबरोबरच्या मे २०२५ च्या संघर्षानंतर अधिकृत निवेदनांत शस्त्रांच्या बरोबरीने तिचे नाव घेतले गेले.

एस-४०० ची प्रतिकृती आकाराने मोठी आणि दिसायला रुबाबदार आहे. नळकांडी ४५ अंशांवर येऊन थांबतात, तोफेसारखी. खऱ्या प्रक्षेपकावर ती उभी, अगदी काटकोनात होतात. क्षेपणास्त्र आधी दाबाखालच्या वायूने नळकांड्याबाहेर वर फेकले जाते, हवेत आल्यावर त्याचे इंजिन पेटते आणि मग ते दिशेला वळते. त्यामुळे शत्रू कोणत्याही बाजूने आला तरी गाडी वळवावी लागत नाही. बिजागरीचा एक छोटा दात कानशीने घासला की प्रतिकृतीतली नळकांडीही उभी होतात. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि ज्यांनी संच घेतला आहे त्यांनी ते अवश्य करावे.

त्याच्या पत्रकावर "पल्ला ४०० किलोमीटर" एवढेच मोठ्या अक्षरांत आहे. आकडा चुकीचा नाही, पण तो या शस्त्राच्या सर्वांत लांब जाणाऱ्या क्षेपणास्त्राचा आहे. त्याच प्रक्षेपकावरून २५० किंवा १२० किलोमीटर जाणारी क्षेपणास्त्रेही सुटतात. दुसरे म्हणजे पृथ्वी गोल आहे. आमच्या भागात सपाट वावरांपलीकडून येणाऱ्या विजेच्या मनोऱ्याचे टोक आधी दिसते आणि बुंधा जवळ गेल्यावर दिसतो, तोच नियम रडारला लागू पडतो. दहा मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला दहा हजार मीटरवरचे विमान सुमारे ४२५ किलोमीटरवरून दिसू शकते, आणि शंभर मीटरवरून जमिनीला लगटून येणारे विमान सुमारे ५४ किलोमीटर जवळ आल्याखेरीज दिसत नाही. हे गणित फळ्यावर मांडल्यावर मुलांना दोन गोष्टी एकदम कळल्या: वैमानिक खाली उडण्याचा धोका का पत्करतात, आणि पाठीवर रडार घेऊन उंचावर फिरणारे ते इल्युशिन याच संचात का हवे. हवाई दल प्रमुख अमरप्रीत सिंग यांनी ९ ऑगस्ट २०२५ रोजी बंगळूरुत सांगितले की, मे महिन्यात पाकिस्तानची पाच लढाऊ विमाने आणि एक मोठे विमान पाडले गेले आणि ते मोठे विमान सुमारे ३०० किलोमीटरवर टिपले. पाकिस्तानने हे नाकारले. आठवीतल्या एका मुलाने त्याच सूत्राने उलटे गणित केले आणि एवढ्या अंतरावरून दिसण्यासाठी ते विमान जवळपास पाच किलोमीटर किंवा त्याहून उंच असले पाहिजे, असे उत्तर काढले. चार हजार आठशे पन्नास रुपयांतले निम्मे त्या दिवशी वसूल झाले असे मी समजतो, जरी त्यात संचापेक्षा खडूचा वाटा मोठा होता.

आकाशच्या प्रतिकृतीने मला सर्वांत निराश केले, कारण हे आपल्या लोकांनी घडवलेले शस्त्र आहे. प्रक्षेपकावर तीन क्षेपणास्त्रे आहेत, ते बरोबर आहे. त्यांच्या अंगावर मात्र काहीच नाही, गुळगुळीत कांड्या. खऱ्या आकाशच्या मधल्या अंगाला चार लांब नळ्या चिकटलेल्या दिसतात आणि सगळी खुबी त्या नळ्यांत आहे. सुरुवातीला घन इंधन क्षेपणास्त्राला वेग देते. वेग आला की त्या नळ्यांतून हवा आत कोंबली जाते आणि तिच्याच जोरावर पुढचे ज्वलन चालते. फुंकणीने चूल पेटती ठेवावी तसे, फक्त फुंकणारा वेगच असतो. सामान्य रॉकेटचे इंधन लवकर संपते आणि पुढचा प्रवास ते मिळालेल्या वेगावर करते; आकाशला मात्र लक्ष्यापर्यंत जोर मिळत राहतो. १९८३ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रमातून निघालेले, ७२० किलो वजनाचे आणि सुमारे २५ किलोमीटर पल्ल्याचे हे क्षेपणास्त्र २०१५ मध्ये रीतसर हवाई दलात आले. पत्रकावर वजन आहे, पल्ला आहे. नळ्यांचा उल्लेख ना पत्रकात, ना प्रतिकृतीवर.

एमआरसॅम ठीक आहे: आठ नळकांडी, तीही उभी होणारी, पल्ला ७० किलोमीटर. एकाच कारखान्याने हे बरोबर आणि एस-४०० चुकीचे कसे केले, याचे मला नवल वाटते. एल-७० ही मूळ स्वीडनच्या बोफोर्सची ४० मिलीमीटरची तोफ, प्रतिकृती सुबक, तोंड वर-खाली होते. ड्रोनविरुद्ध ती पुन्हा प्रकाशात आली म्हणून संचात घेतली असावी. पण ती लष्कराच्या हवाई संरक्षण दलाची आहे आणि खोक्यावर नाव हवाई दलाचे आहे. एक ओळ लिहून हा फरक सांगता आला असता.

माहितीपत्रकांच्या मराठीबद्दल थोडक्यात. ती कोणी मराठी माणसाने वाचून छापलेली नाहीत, यंत्राने उतरवली आहेत. मिराजचा डेल्टा, म्हणजे त्रिकोणी, पंख इथे "त्रिभुज प्रदेश पंख" झाला आहे, आणि शस्त्रे टांगण्याच्या जागांना, म्हणजे इंग्रजीतल्या 'हार्डपॉइंट'ना, "कठीण बिंदू" म्हटले आहे. भूगोलाच्या तासाला गंगेचा त्रिभुज प्रदेश शिकलेल्या मुलांनी मिराजचा सुंदरबनाशी काय संबंध असे विचारले, तेव्हा मलाही क्षणभर उत्तर सुचले नाही. अकरापैकी सहा पत्रके आम्ही नव्याने लिहून काढली.

प्लॅस्टिक मध्यम प्रतीचे आहे. सोबत दिलेला गोंद पंचेचाळीस अंश तापमानात सैल पडतो. बाजारातला नेहमीचा दोन नळ्यांचा गोंद वापरावा. रंग उडालेला नाही. हवाई दलाची गोल खूण, बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा, ही पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापीत आहे आणि ती सर्व विमानांवर बरोबर बसली. आठ वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नये, बारीक तुकडे फार आहेत. घरातल्या कपाटात ठेवण्यासाठी कोणी घेत असेल तर नुसत्या विमानांचा संच वेगळा २,९०० रुपयांना मिळतो, तो घ्यावा. शस्त्रांसाठी वरचे जवळपास दोन हजार रुपये देण्यासारखा माल त्यात नाही. शाळेसाठी किंवा वाचनालयासाठी पूर्ण संच घेता येईल, पण समजावून सांगणारा कोणी असेल तरच.

रडार नसल्याची तक्रार मी विक्रेत्याला लिहून कळवली. ते वेगळे विकत नाहीत असे उत्तर आले. मग आमच्या गावातल्या, तान्ह्या पोळ्याचे नंदी करणाऱ्या सुतारदादांना एस-४०० च्या रडारगाडीचा फोटो मोबाइलवर दाखवला. त्यांनी तो बराच वेळ मोठा करून पाहिला, प्रक्षेपकाशेजारी धरून हाताने मापे घेतली आणि सागाच्या तुकड्यातून आठ चाकांची गाडी व तिच्यावर मागे कललेली चौकोनी फळी चार दिवसांत करून दिली. मजुरी दीडशे रुपये घेतली. चाके फिरतात, फळी उभी-आडवी होते आणि माप प्रक्षेपकाला तंतोतंत जुळते.